दोनशे पंचावन्न हेडची थाप

कोपरगावात संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले १९८३ साली. त्याच वर्षी आयबीएमने दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी बाजारात आणला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाताखालून डिस्कच्या जितक्या पिढ्या गेल्या, त्यांची गोष्ट साधारण याच वर्षापासून सांगता येते.

एक्सटीची डिस्क खरे बोलायची. ३०६ सिलिंडर, ४ हेड, दर ट्रॅकवर १७ सेक्टर, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की एक कोटी सहा लाखांच्या वर बाइट येतात, आणि आत खरोखर तेवढेच असत.

बर्कलीच्या मंडळींनी या खरेपणावर भरवसा ठेवून फाइल सिस्टिम बांधली. मॅकक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री या चौघांचा त्यावरचा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीची युनिक्स फाइल सिस्टिम डिस्कच्या क्षमतेच्या जेमतेम दोन टक्के वेग काढायची, कारण एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असत. नव्या रचनेत शेजारशेजारच्या सिलिंडरांचे गट पाडले आणि फाइल शक्यतो एकाच गटात ठेवली. एक ब्लॉक वाचून प्रोसेसर पुढचा मागेपर्यंत तबकडी किती फिरलेली असेल, याचाही हिशेब करून पुढचा ब्लॉक तेवढे अंतर सोडून ठेवला. वेग सत्तेचाळीस टक्क्यांपर्यंत गेला. मला सगळ्यात आवडते ती सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकच्या, प्रतींची व्यवस्था. प्रत्येक गटात ही प्रत आधीच्यापेक्षा एका ट्रॅकने पुढे सरकवलेली असते, म्हणजे एखादी अख्खी तबकडी गेली तरी सगळ्या प्रती बुडत नाहीत. भूमिती माहीत असल्याचा याहून चांगला उपयोग कोणी केला असेल, असे वाटत नाही.

मग डिस्क थापा मारू लागली. तिचाही नाइलाज होता. बाहेरचा ट्रॅक आतल्यापेक्षा लांब, त्यावर जास्त सेक्टर मावतात. कंपन्यांनी ते भरायला सुरुवात केल्यावर ‘दर ट्रॅकवर इतके सेक्टर’ असा एकच आकडा सांगणे शक्य राहिले नाही. दुसरीकडे बायोसला १०२४ सिलिंडर आणि ६३ सेक्टरच्या पुढे मोजता येईना, डिस्कच्या जोडणीला १६ हेडच्या पुढे जाता येईना. दोन्हीकडची छोटी मर्यादा धरली की ५२ कोटी ८४ लाख बाइटवर गाडी अडायची. तोड म्हणून बायोसने २५५ हेड असल्याचे सांगायला सुरुवात केली. आत तबकड्या दोन-तीन, हेड चार-सहा, आणि लिनक्सचा जुना एफडिस्क मात्र निमूटपणे १६०६५ सेक्टरांचा एक सिलिंडर छापत बसे. सातबाऱ्यावर एक आणि बांधावर भलतेच, हा प्रकार कोपरगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. खरा नकाशा डिस्कच्या कंट्रोलरने स्वतःकडे ठेवला आणि बाहेरच्यांना शून्यापासूनचे अनुक्रमांक दिले.

फाइल सिस्टिमनेही मग भूमितीचा नाद सोडला. लिनक्सच्या १९९३ च्या एक्स्ट-टू फाइल सिस्टिममध्ये गट राहिले, पण ते सिलिंडरांचे नव्हेत. ४०९६ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये ३२७६८ बिट असतात, तेवढ्या ब्लॉकांची नोंद त्यात मावते, म्हणून गट ३२७६८ ब्लॉकांचा, म्हणजे १२८ मेगाबाइटचा. गटाचा आकार तबकडीने नाही, नोंदवहीच्या पानाने ठरवला. सुपरब्लॉकच्या प्रती अजून ठेवल्या जातात; फॉरमॅट करताना पडद्यावर ३२७६८, ९८३०४, १६३८४० असे आकडे येतात ते त्यांचेच पत्ते. गंमत फॅट या फाइल सिस्टिमची. पेनड्राइव्हमध्ये ना तबकडी ना हेड, तरी फॅटच्या पहिल्या सेक्टरमध्ये हेडची संख्या लिहायची जागा आजही आहे आणि ती भरलीही जाते.

या थापेची किंमत पुढे मोजावी लागली. जुन्या पद्धतीत पहिला ट्रॅक मोकळा सोडून पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. विंडोज एक्सपीही तेच करायची. २००९ च्या अखेरीस आतून ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्क येऊ लागल्या, बाहेरून मात्र त्या ५१२ च सांगत. एका खऱ्या सेक्टरमध्ये ५१२ चे आठ मावतात, आणि ६३ ला आठने भाग जात नाही. त्यामुळे फाइल सिस्टिमचा प्रत्येक ब्लॉक दोन खऱ्या सेक्टरांवर अर्धवट पडे आणि लिहिण्याआधी दोन्ही वाचून घ्यावे लागत. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर त्यासाठी तबकडीच्या पुढच्या फेरीची वाट पाहायची, म्हणजे अकरा मिलिसेकंद. वेस्टर्न डिजिटलने एक्सपीवाल्यांसाठी जंपरची सोय दिली. तो लावला की डिस्क प्रत्येक पत्ता गुपचूप एकाने पुढे ढकलायची आणि ६३ चे ६४ व्हायचे. थापेवर थाप, पण काम झाले.

व्हिस्टापासून विंडोज पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर एक मेगाबाइटवर सुरू करते. लिनक्सने पुढे तेच स्वीकारले, शिवाय २.६.३१ पासून त्याचा कर्नल खऱ्या सेक्टरचा आकार डिस्कलाच विचारून फाइल सिस्टिम बनवणाऱ्या प्रोग्रॅमला कळवतो.

फॉरमॅट मारताना आता सिलिंडर-हेडचे आकडे कोणी विचारले तर खुशाल दुर्लक्ष करा. मात्र एक्सपीच्या काळातले पार्टिशन जसेच्या तसे नव्या डिस्कवर किंवा एसएसडीवर क्लोन करून घेतले असेल, तर ते कोणत्या सेक्टरपासून सुरू होते ते एकदा बघा. आठने भाग जात नसेल तर बॅकअप घ्या आणि पार्टिशन नव्याने पाडा.