विश्वातला मोठा स्फोट, वेळ काही सेकंदांचा

2 जुलै 1967. चोरून होणाऱ्या अणुचाचण्या पकडण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तो पृथ्वीवरचा नव्हताच! पण असे झोत अवकाशातून येतात, हे जगाला कळायला 1973 साल उजाडले.

अजस्र तारा कोसळला किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की असा स्फोट होतो. गॅमा किरण आपल्या वातावरणात अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. शिवाय स्फोट कधी, कुठे होईल ते सांगता येत नाही आणि बहुतेकदा तो काही सेकंदांत संपतो. 2004 मध्ये सोडलेली ‘स्विफ्ट’ दुर्बीण यासाठीच आहे. झोत दिसला की कोणाच्या आदेशाची वाट न पाहता ती एक-दोन मिनिटांत तिकडे वळते आणि मागे उरलेली धग क्ष-किरणांत व प्रकाशात टिपते. खरी माहिती याच धगीत असते. स्फोट किती दूर झाला, हे तिच्यावरूनच कळते.

आता अशा स्फोटाचा इशारा जगात कोणालाही फुकट मिळतो. लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची 70 सेंटीमीटरची दुर्बीण अशाच इशाऱ्यांवर आकाशाकडे रोखली जाते.