कळफलकावरील दर्शकदीपांचे नियंत्रण

कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दीप उजळतो. परंतु त्यास उजळणारी ती कळ नव्हे. कळफलक केवळ कळ दाबल्याची वर्दी देतो. दीपाविषयीचा निर्णय संगणकाची कार्यप्रणाली करते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटी यंत्रात संगणक प्रथम ‘ईडी’ ही षोडशमान आज्ञा पाठवीत असे. कळफलकाची पोच येताच दुसरा बाइट जाई, व त्यातील तीन बिट तीन दीपांची स्थिती ठरवीत. यूएसबी कळफलकांत बिटांचा क्रम निराळा असला, तरी तत्त्व तेच आहे. अक्षरांमागील प्रकाश मात्र लॅपटॉपमध्ये बहुधा स्वतंत्र नियंत्रकाच्या स्वाधीन असतो. म्हणूनच कळ दाबूनही दर्शकदीप निश्चल राहिल्यास कार्यप्रणाली गोठल्याची शंका घ्यावी. तात्पर्य, दीप कळफलकावर असला, तरी साक्ष संगणकाचीच देतो.