पवईच्या पडद्यावर आपले शिवार

गावचा जुना नकाशा आपण पाहिला आहे. कापडावर चिकटवलेला, घडीवर झिजलेला. आज अंधेरीच्या एखाद्या कचेरीत बसलेला इंजिनिअर आपले गाव संगणकाच्या पडद्यावर उघडतो आणि त्यावर रस्त्याची किंवा पाइपलाइनची रेघ ओढतो. ती रेघ बांधावरून जाते की उभ्या पिकातून, हा आपला प्रश्न आहे. म्हणून ही गोष्ट समजून घेऊ.

अंधेरीच्या पूर्वेला पवई तलावाच्या काठी १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी मुंबई उभी आहे. तिथल्या अभ्यासकांनी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन बनवले. ते क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. माती, पिके, जमिनीचा उतार असे थर काचेवर काच ठेवावी तसे मांडायचे आणि पावसाचा आकडा घालायचा. मग किती पाणी वाहून गेले, किती मुरले, पिकाला किती मिळाले, याचा हिशेब निघतो.

असे थर संगणकात साठवून ठेवता येतात. दुसरी सोय म्हणजे वेब मॅप सर्व्हिस. तिचे नियम २००० साली जगासाठी ठरले. वाण्याकडे चिठ्ठी पाठवावी तसा हा प्रकार. सॉफ्टवेअर दूरच्या संगणकाला कळवते, ‘अमुक थर, अमुक चौकट, अमुक मोजमाप पद्धत.’ तिकडून तेवढ्या भागाचे चित्र येते. इस्रोचे २००९ साली सुरू झालेले ‘भुवन’ असे थर देते. रस्ते आखण्याचे ऑटोकॅड सिव्हिल थ्रीडीही ते घेऊ शकते. तिकडे नकाशा सुधारला की इकडे नवा दिसतो.

पण चिठ्ठीत चूक झाली तर? सेवेच्या जुन्या आवृत्तीत रेखांश आधी, तर नव्या १.३.० आवृत्तीत काही पद्धतींना अक्षांश आधी लागतो. ही अदलाबदल झाली तर पवई थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते! मोजमापाच्या पट्ट्यांचेही तसेच. मुंबई, पुणे, नाशिक ४३ व्या पट्ट्यात. नागपूर, चंद्रपूर ४४ व्या. पट्टा चुकला की नागपूरचे शेत गुजरातेत बारडोलीजवळ दिसते.

एवढी मोठी चूक हसण्यावारी जाते, कारण ती लगेच दिसते. घात करते ती लहान चूक. आपले जुने गावनकाशे साखळीने मोजलेले. त्यांवर अक्षांश-रेखांश नाहीत. विहीर, तिठा, शिवेचा दगड अशा खुणा धरून ते उपग्रहाच्या चित्रावर बसवावे लागतात. खूण जरा चुकली की बांध काही हात सरकतो. पडद्यावर ते केसाएवढे दिसते; शेतात मात्र त्यात आंब्याचे झाड जाते, विहीर जाते.

म्हणून कुणी साहेब छापील नकाशा घेऊन बांधावर आला, तर त्याला पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा. हा नकाशा कोणत्या खात्याचा? कोणत्या साली घेतलेला? गावनकाशा त्यावर कोणत्या खुणा धरून बसवला? मग त्याच खुणा त्याच्यासोबत चालत जाऊन पाहा. शिवेचा दगड कुठे होता, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, त्यांनाही बोलवा.

नकाशावरून येते ते चित्र. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणीच मागावी, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे. पडद्यावरची रेघ पुसायला क्षण पुरतो. खोदलेला चर बुजवायला पिढी लागते.