ओट्यावरचं शास्त्र (भाग ९) : दाणा बाजारातला चॉकलेट ग्रॅनोला

गेल्या आठवड्यात आपण चिक्कीच्या पाकापाशी थांबलो होतो. गुळाचा पाक थंड पाण्याच्या वाटीत टाकायचा, गोळी कडकन तुटली की दाणे घालून लाटायचं आणि वड्या पाडायच्या. आज तोच पाक थोडा अलीकडे थांबवायचा आहे. पाक कमी, धान्य जास्त, त्यात कोको आणि चार मसाले. वड्या पाडायच्या नाहीत, लहानमोठे खडे मोकळे राहू द्यायचे. दुकानात याला ग्रॅनोला म्हणतात. एका छोट्या पाकिटाला जे पैसे मोजावे लागतात, त्यात जळगावच्या दाणा बाजारातून किंवा धुळ्याच्या पाचकंदीलहून पिशवीभर कच्चा माल घरी येतो.

ग्रॅनोला जन्मला तो पथ्याचं खाणं म्हणून. १८६३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामात डॉ. जेम्स केलब जॅक्सन यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या जाड थापा भाजल्या, फोडल्या आणि पुन्हा भाजल्या. नाव ठेवलं ग्रॅन्युला. तो इतका कडक असे की रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ केला, नावही तेच लावलं आणि कज्जेदलाली नको म्हणून ते बदलून ग्रॅनोला केलं. आज आपण ज्याला ग्रॅनोला म्हणतो, तो ओट्स, सुकामेवा आणि मधाचा प्रकार मात्र १९६० च्या दशकात, तिकडच्या हिप्पी मंडळींच्या हातून लोकांपुढे आला. इतिहास इतकाच पुरे, कारण आपलं काम त्याच्या रसायनाशी आहे.

त्याआधी सामानाकडे बघू. शेंगदाणे, तीळ, जवस, सुकं खोबरं, गूळ, सुंठ, मिरी यांतलं काहीही खानदेशातल्या स्वयंपाकघराला नवं नाही. ओट्स नवे. आपल्याकडे ओट, म्हणजे उत्तरेत ज्याला जई म्हणतात ते, मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात आणि पाकिटातले ओट्स बरेचसे ऑस्ट्रेलियातून येतात. म्हणून माझा सरळ सल्ला असा की एक तृतीयांश ओट्स काढून टाका आणि त्यांच्या जागी ज्वारीचे पोहे घाला. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर पिकते, तिची भाकरी खाणाऱ्यांना ज्वारीची चव ओळखीची आहेच. भाजलेल्या ज्वारीचा किंचित कडसर खमंगपणा कोकोशी फार छान जुळतो, माझ्या मते ओट्सपेक्षाही छान. सगळेच ओट्स काढून फक्त ज्वारी वापरायला हरकत नाही, पण मग खडे कमी बांधले जातात आणि शेवटी चिवडा उरतो.

कोकोला आपण परका मानतो, पण शेंगदाणा आणि मिरची यांचं मूळ गावही अमेरिकाच. दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात समुद्रावरून आल्या आणि खानदेशात अशा रुजल्या की नंदुरबार-दोंडाईचाकडची मिरची आणि खानदेशातलं दाण्याचं तेल यांच्याशिवाय इथल्या शेवभाजीचा विचार करता येत नाही. कोको मागे राहिला, कारण त्याला दमट हवा आणि सावली लागते. केळीची सावली आपल्याकडे मुबलक आहे, पण मे महिन्यातल्या झळा त्या झाडाला सोसवणार नाहीत. भारतात तो केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत, बहुतेक नारळी-पोफळीच्या बागांमध्ये पिकतो. पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे. मेक्सिकोकडचे लोक शेकडो वर्षांपूर्वी कोकोच्या पेयात मिरची घालत होते, तेव्हा आपल्या ग्रॅनोलात चिमूटभर लाल तिखट पडलं तर ती जुनीच सोयरीक आहे.

आता कोको घ्यायचा की चॉकलेट? इथे जळगाव-धुळ्याच्या हवामानापुढे पाककृतीच्या पुस्तकांचं काही चालत नाही. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३३-३४ अंश सेल्सियसला वितळतं. जिभेवर ते विरघळतं ते म्हणूनच. पण भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, रात्रीही घरातल्या भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी ग्रॅनोलात चॉकलेटचे तुकडे घातले तर डब्यात त्यांचा लगदा होतो, पहाटे तो पुन्हा गोठतो आणि वर पांढरट थर येतो. तो थर बुरशीचा नव्हे. वितळून वर आलेली चरबी वेडीवाकडी गोठल्यामुळे तो दिसतो. खाल्ला तर अपाय नाही, पण पोरं तोंड वाकडं करतात.

बाजारात स्वस्त मिळणारं ‘कंपाउंड’ चॉकलेट उन्हात जास्त तग धरतं, कारण त्यात कोको बटरऐवजी हायड्रोजन देऊन घट्ट केलेली वनस्पतीजन्य चरबी असते. पातळ तेल घट्ट करण्याची ही युक्ती खानदेशाला नवी नाही. अमळनेरला १९४५ मध्ये एम. एच. हशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, ती वनस्पती तूप करण्यासाठीच. पुढे तिचंच नाव विप्रो झालं. पण कंपाउंड टाळूला मेणचट लागतं, म्हणून मी ते सुचवणार नाही. मार्च ते जून फक्त कोको पावडर वापरा. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत, म्हणजे थंडीत, गडद चॉकलेटचे तुकडे जरूर घाला, पण ग्रॅनोला पूर्ण गार झाल्यावर.

कोको पावडर म्हणजे कोकोच्या बियांमधली बरीचशी चरबी दाबून काढल्यावर उरलेला चोथा, दळलेला. ही दाबण्याची रीत हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याची, १८२८ ची. त्यांनीच कोकोवर क्षाराची प्रक्रिया करून तो गडद आणि सौम्य केला. पाकिटावर ‘अल्कलाइज्ड’ किंवा ‘डच’ असं लिहिलेलं असेल तर तो हा. साधा कोको फिकट आणि आंबटसर असतो. ग्रॅनोलाला दोन्ही चालतात, गूळ वापरणार असाल तर मात्र डच बरा. कारण पुढे दुधापाशी येईल.

आता प्रमाण. २०० ग्रॅम ओट्स (जाड घ्या, इन्स्टंट ओट्सचा भुगा होतो), १०० ग्रॅम ज्वारीचे पोहे, १०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे, ३० ग्रॅम तीळ. काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे आधी निवडून फेकून द्या. त्यांत बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. हौस असेल तर मूठभर गोडंबी घाला, पण ती दुकानातून सोललेली, स्वच्छ केलेलीच आणा, घरी बिब्बे फोडायच्या भानगडीत पडू नका, हात भाजतील. या सगळ्यात दोन चमचे ज्वारीचं पीठ मिसळा. पुस्तकांमध्ये खडे बांधायला अंड्याचा पांढरा बलक सांगतात, तेच काम हे पीठ करतं.

पातेल्यात १०० ग्रॅम चिरलेला गूळ, तीन चमचे पाणी आणि ६० मिलिलिटर शेंगदाण्याचं तेल मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळून एक उकळी आली की उतरवा, काडीकचरा दिसला तर गाळा. चिक्कीसारखा पाक पक्का करायचा नाही, उरलेलं पाणी ओव्हन उडवेल. या गरम मिश्रणात ३० ग्रॅम कोको, चमचाभर दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा मिरपूड, चिमूटभर लाल तिखट आणि अर्धा चमचा मीठ घालून ढवळा. मसाले कोरड्या ओट्सवर भुरभुरायचे नाहीत, तेलातच पडले पाहिजेत. दालचिनीचा वास आणि मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगली विरघळतात. फोडणी आपण याच कारणाने तेलात देतो, वरणाच्या पाण्यात नाही. कोकोचंही तसंच, गरम तेलात भिजला की त्याचा वास उमलतो. वेलची मात्र आत्ता नको, तिचा सुगंध भट्टीत उडून जातो. ती शेवटी. आणि कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, काळा मसाला घालू नका. त्यातला धणे-दगडफुलाचा वास भाजीतच शोभतो.

हे मिश्रण कोरड्या जिनसांवर ओता, दोन्ही हातांनी चोळून एकजीव करा, ट्रेमध्ये बोटभर जाडीचं पसरून चमच्याच्या पाठीने दाबा. ओव्हन १५० अंशांवर आधी तापवलेला हवा. २५ ते ३० मिनिटं लागतात. मध्यावर एकदाच ट्रे बाहेर काढून कडेचा माल मध्ये घ्या, कारण कडा आधी करपतात. शेवटच्या पाच मिनिटांत ४० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप घाला. आधी घातले तर ते जळतील.

चॉकलेट ग्रॅनोला सगळ्यात जास्त इथेच फसतो. साधा ग्रॅनोला सोनेरी झाला की कळतं. हा आधीपासूनच तपकिरी असतो, त्यामुळे डोळे काही सांगत नाहीत आणि कोको करपला की नुसता कडू लागतो. तेव्हा एक दाणा काढा, गार होऊ द्या आणि दोन पाकळ्या वेगळ्या करून आतून पाहा. आत फिकट बदामी रंग आला असेल तर ट्रे बाहेर. नाकावरही विश्वास ठेवा. गरम चॉकलेटचा वास येतोय तोवर ठीक, जळक्या कॉफीची झाक आली की उशीर झालेला असतो.

बाहेर काढल्यावर ग्रॅनोला मऊच लागतो. लोक घाबरून पुन्हा आत सरकवतात आणि जाळतात. गुळाचा पाक गरम असताना लवचीक असतो, थंड झाला की काचेसारखा कडक होतो, खडे तेव्हाच बांधले जातात. तासभर ट्रेला हात लावू नका. मग वेलची पूड भुरभुरवा आणि हाताने मोडा. नागपंचमीच्या लाह्या उरल्या असतील तर त्याही याच वेळी मिसळा, पाकात घातल्या तर त्या चामट होतात.

ओव्हन नसेल तर कढई आहे. ओट्स, पोहे, दाणे, तीळ वेगवेगळे मंद आचेवर भाजा, कारण प्रत्येकाची वेळ निराळी. मग पाक थोडा पुढे न्या, थेंब थंड पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी व्हायला हवी. त्यात कोको-मसाले, मग भाजलेलं सगळं आणि खोबरं. पाच-सात मिनिटं परतून तेल लावलेल्या परातीत पसरा. खडे थोडे ओबडधोबड होतात, चवीत फरक शोधावा लागतो.

जळगावला आहोत तर केळ्याचंही सांगायला हवं. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गोड पिकलेल्या केळ्याचा गर ग्रॅनोलात घालणं जरा जोखमीचं. गरात पाणी भरपूर असतं. निम्मा गूळ कमी करून एक केळं कुस्करून घालता येतं, मात्र ओव्हन १४० वर आणून दहा-पंधरा मिनिटं जास्त द्यावी लागतात आणि डबा आठवडाभरात संपवावा लागतो.

खायचा कसा? १९९४ मध्ये केलॉग्जने तळोज्याच्या कारखान्यातून आपल्याकडे कॉर्नफ्लेक्स आणले, तेव्हा घरोघरी त्यांवर गरम दूध पडलं आणि त्यांचा लगदा झाला. ग्रॅनोलावर पाकाचा थर असल्याने तो जास्त वेळ टिकतो, तरीही कढत दूध नको. गुळातल्या आम्लामुळे उकळतं दूध नासू शकतं, साध्या कोकोने त्यात आणखी भर पडते. डच कोको बरा म्हटलं ते यासाठी. गार किंवा कोमट दूध घ्या, नाहीतर सरळ घट्ट दही.

साखर नाही, गूळ आहे, म्हणून वाटीभर खाणाऱ्यांसाठी एक हिशेब. वरच्या प्रमाणात साधारण ६४० ग्रॅम ग्रॅनोला होतो, म्हणजे ४० ग्रॅमच्या सोळा वाढण्या. प्रत्येकीत सहा ग्रॅमच्या वर गूळ आणि १९० च्या आसपास कॅलरी. गूळ ही शेवटी साखरच. मधुमेही माणसाने तो साखरेसारखाच मोजावा. विकतच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा आणि आपल्या १६ ग्रॅमशी ताडून पाहा.

साठवणीचं गणित ऋतूवर चालतं. मे महिन्यात गच्चीवर बिबडे ज्या कोरड्या हवेत खडखडीत वाळतात, ती हवा ग्रॅनोलाचा कुरकुरीतपणा राखते, पण त्याच उष्णतेने दाण्याचं तेल लवकर खवट होतं. म्हणून उन्हाळ्यात थोडाच करा, दोन आठवड्यांत संपवा. पावसाळ्यात उलट, तेल टिकतं पण गूळ हवेतला ओलावा ओढतो. मऊ पडला तर १२० अंशांवर दहा मिनिटं तापवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होईल. हिवाळ्यात घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात महिनाभर चिंता नाही.

पुढच्या आठवड्यात केळीचे वेफर. त्यासाठी कच्ची केळी आत्ताच आणून ठेवू नका, घरात पिकून जातील. ज्या दिवशी तळायची, त्याच दिवशी सकाळी आणा.