सोळा घरे आणि एक झिजलेला अंगठा

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत संगणकीय खेळावरील लेख पाहून काही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु भूलतज्ज्ञ म्हणून अडतीस वर्षे औषधांचा ट्रे मांडण्यात घालविल्यानंतर ज्या प्रश्नाने मला पुन्हा विचारास लावले, तो या खेळातच भेटला. आणि मुळात तो आपल्याच व्यवसायाचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

खेळाचे नाव ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने तो २०१० साली आणला, तो सपशेल फसला, आणि नाओकी योशिदा यांच्या नेतृत्वाखाली मुळापासून नव्याने रचून ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा लोकांपुढे ठेवला. देशोदेशीचे खेळाडू त्यात एकाच काल्पनिक भूमीत वावरतात. चौघांचा एक चमू असतो : एक ढालीप्रमाणे मार सोसणारा, दोघे प्रहार करणारे आणि एक उपचारक. माझी कन्या कॅनडात असते. दर शनिवारी सकाळी, म्हणजे तिच्या शुक्रवारी रात्री, आम्ही दोन तास एकत्र खेळतो. ती मार सोसते, मी ‘व्हाइट मेज’ होऊन तिच्या जखमा भरतो. दूरध्वनीवर ‘जेवलात का, बाबा’ याच्या पुढे न सरकणारे आमचे बोलणे या दोन तासांत कुठल्या कुठे जाते. गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज वाढली आणि हे दोन तास सोडावे लागतात की काय, अशी वेळ आली.

आता मूळ अडचण सांगतो. पडद्याच्या तळाशी चिन्हांची एक पट्टी असते, तिला हॉटबार म्हणतात. एकेक चिन्ह म्हणजे एकेक विद्या. कीबोर्डवर खेळणाऱ्याला बोटांखाली शंभर कळा असतात. हातात कंट्रोलर धरणाऱ्यास मात्र दोन्ही अंगठ्यांखालची मिळून आठच बटणे. त्यावर रचनाकारांनी काढलेला तोडगा मोठा सुंदर आहे. डाव्या तर्जनीने एल-टू दाबून धरले की त्या आठ बटणांना आठ विद्या लाभतात, उजव्या तर्जनीने आर-टू धरले की दुसऱ्या आठ. अशी सोळा घरे मिळून एक संच. आणि असे आठ संच, म्हणजे १२८ घरे. संच बदलायचा तर आर-वन दाबावे. हे वैभव शांततेच्या काळात शोभते. समोर राक्षस उभा असताना आणि कन्येची प्राणरेषा वेगाने घसरत असताना ‘ती विद्या तिसऱ्या संचात की चौथ्या’ हे आठवणे निराळे. पर्याय वाढत गेले की प्रतिक्रियेचा काळही वाढत जातो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ सालीच प्रयोगांती दाखविले आहे.

ही गर्दी होते कशी? आपल्याकडे येणाऱ्या वृद्ध रुग्णाची पिशवी आठवा. सहा डॉक्टरांची चौदा औषधे; प्रत्येक कोणत्या ना कोणत्या सबळ कारणाने सुरू झालेले, पण बंद करण्याचे काम कोणाचेच नव्हे. खेळातही पातळी वाढली की नवी विद्या प्राप्त होते आणि खेळ ती आपणहून रिकाम्या घरात नेऊन ठेवतो. शंभराव्या पातळीला पोहोचलेल्या व्हाइट मेजपाशी तिसाहून अधिक विद्या असतात. त्यांत प्रवासाचे वाहन, टेलिपोर्ट, नमस्कारापासून नृत्यापर्यंतचे हावभाव यांची भर पडली की पट्टी म्हणजे माळ्यावरचे अडगळीचे सामान होते. (आपोआप भरण्याची ही व्यवस्था सेटिंगमध्ये बंद करता येते, पहिले काम तेच करावे.)

वाहन, प्रवास, हावभाव यांची हकालपट्टी सोपी. शस्त्र म्यानात असताना आर-वनने कोणते संच फिरावेत आणि उपसल्यावर कोणते, हे वेगवेगळे ठरविता येते. तेव्हा हे सारे म्यानाच्या संचात जावे. खरी कसोटी युद्धातल्या विद्यांची. येथे बहुतेक तरुण खेळाडू ‘जे वारंवार लागते ते जवळ’ हा नियम सांगतात. मला तो अपुरा वाटतो. अॅट्रोपिन भरलेली सिरिंज मी ट्रेवर ठेवीत असे, ती रोज लागते म्हणून नव्हे. लागली तर शोधायला वेळ नसतो म्हणून. ‘बेनेडिक्शन’ ही विद्या एका क्षणात संपूर्ण प्राण परत देते, आणि एकदा वापरली की तीन मिनिटे पुन्हा मिळत नाही. ‘रेज’ पडलेल्याला उठविते, पण तिचा मंत्र पुरा व्हायला आठ सेकंद लागतात. आधी ‘स्विफ्टकास्ट’ दाबले तर तत्क्षणी. या तिन्ही क्वचित लागतात, तरी पहिल्या सोळांतच हव्यात.

उलट ‘क्युअर’ ही पहिली, प्रेमाची विद्या काढावी. तिसाव्या पातळीला ‘क्युअर टू’ येते, ती पुष्कळ अधिक गुण देते आणि खेळीही एकच खर्ची पडते. मात्र एक पथ्य आहे. नवख्यांना साह्य करण्यासाठी खेळ आपल्याला कधी ‘सस्ताशा’सारख्या पंधराव्या पातळीच्या गुहेत धाडतो, तेथे आपली पातळी उतरवली जाते आणि क्युअर टू नाहीशी होते. म्हणून क्युअरचे विसर्जन न करता तिला दुसऱ्या संचात ठेवावे. सरसकट मॅक्रो करून दोन-तीन विद्या एका घरात कोंबण्याचा मार्गही मला पटला नाही. एरवी आधीची कृती संपण्यापूर्वी दाबलेले बटण खेळ रांगेत धरतो, मॅक्रोतली कृती धरीत नाही. माझी आज्ञा इंदुराहून उत्तर अमेरिकेतल्या केंद्रापर्यंत जाऊन येते. तेवढ्या विलंबात ही उणीव फार जाचते.

आता अंगठ्याविषयी. डावा अंगठा एरवी चालण्याच्या दांड्यावर असतो. डावीकडची चार बटणे दाबायची तर त्याला दांडा सोडावा लागतो, म्हणजे थांबावे लागते. पण मंत्र म्हणताना थांबावेच लागते! तेव्हा मंत्राच्या विद्या डावीकडे आणि धावता धावता तत्काळ फळणाऱ्या उजवीकडे, ही विभागणी स्वाभाविक ठरते. माझ्यापुरते त्यात औषधही निघाले. ‘ग्लेअर’ हा हल्ल्याचा मंत्र दर अडीच सेकंदांनी म्हणता येतो, म्हणजे अखंड लढाईच्या तासाला १,४४० वेळा. तो आजवर उजव्या अंगठ्याखाली होता. तो डावीकडे नेला आणि उजव्या सांध्यावरचा सर्वांत मोठा भार एका फेरबदलात उतरला. जोडीला स्प्लिंट आणि अर्ध्या तासाने विश्रांती आहेच. हॉटबार लावून झिजलेली कूर्चा परत येत नाही, हे आपणांस सांगायला नको.

कंपनीनेही आपल्या परीने छाटणी केली आहे. २०१७ च्या विस्तारात इतर व्यवसायांकडून उसन्या घ्याव्या लागणाऱ्या विद्या रद्द होऊन त्या जागी मोजक्या सामाईक विद्या आल्या. २०२४ साली आलेल्या ‘वायपर’ या योद्ध्याचे मूळ प्रहार तर दोनच बटणांत बसविले आहेत. प्रसंगानुसार त्याच घरातले चिन्ह बदलते.

माझ्या पट्टीवर आज सोळा घरे भरलेली आहेत, आणि एल-टू दोनदा झटपट दाबल्यावर उघडणाऱ्या जादा आठांपैकी पाच. तीन रिकामी आहेत. विषबाधा उतरविणारी ‘इसुना’ पूर्वी दुसऱ्या संचात होती, ती कन्येच्या सांगण्यावरून पहिल्यात आणली. “बाबा, तुम्ही शोधेपर्यंत मी हिरवी होऊन जाते,” असे तिचे म्हणणे होते.