दहा आकडे मोजा: घरच्या शाळेने माझ्या दुकानाला शिकवलेला धडा



ट्रेनिंगमध्ये हमखास येणारा एक प्रश्न आहे. "मॅडम, माणूस ठेवलाय, पण सगळं मलाच बघावं लागतं. चांगली माणसं मिळतच नाहीत. काय करू?"

पूर्वी मी याचं उत्तर बीबीएच्या पुस्तकातून द्यायचे. आता जानेवारी २०२२ ची गोष्ट सांगते. तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरात शाळा भरली होती, आणि त्या शाळेत नापास झाले ती मी.

परत शाळा बंद

माझा धाकटा तेव्हा दुसरीत होता आणि मोठी सहावीत. धाकट्याची अख्खी पहिली फोनवर गेली. मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा १५ डिसेंबर २०२१ ला उघडल्या, तेव्हा तो पहिल्यांदा वर्गातल्या बाकावर बसला. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ओमायक्रॉन आला. ४ जानेवारीपासून पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग परत ऑनलाइन. महापालिकेने सांगितलं, ३१ जानेवारीपर्यंत. ७ जानेवारीला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण सापडले.

माझं दुकान गिफ्ट आर्टिकल आणि स्टेशनरीचं. आमच्या धंद्यात जानेवारी म्हणजे सीझन. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू, आणि वाणाच्या वस्तू डझनाने जातात. डिसेंबरमध्येच अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून माल भरून ठेवला होता: कुंकवाचे करंडे, स्टीलच्या वाट्या, कापडी पिशव्या. पैसे मालात अडकलेले, मुलं घरात, आणि फोन एकच. त्याच फोनवर धाकट्याचा क्लास आणि त्याच फोनवर गिऱ्हाइकांच्या ऑर्डर!

मीच उत्तर सांगत होते

शाळा बंद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी धाकट्याला मराठीचा धडा वाचायला दिला. पहिली ओळ घडाघडा म्हटली. मी चित्र हाताने झाकलं आणि मधलीच एक ओळ दाखवली. गाडी थांबली. "प्रकाश" हा शब्द त्याने "पकाश" वाचला. जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायचा.

का बघायचा? कारण दीड वर्ष मी तेच केलं होतं. टीचरने स्क्रीनवर प्रश्न विचारला की मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून हळूच उत्तर सांगायचे. नाटकात विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो ना, तशी. टीचर खूश, मुलगा खूश, मी मोकळी. फक्त वाचायला शिकायचं राहून गेलं.

असं फक्त आमच्याच घरी झालं नव्हतं, हे नंतर कळलं. प्रथम संस्थेच्या 'असर' अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. पण त्या दिवशी मला फक्त माझं पोर दिसत होतं. रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

दुसऱ्या दिवसापासून एकच नियम केला. रोज वीस मिनिटं वाचन, आणि तो अडला की मी मनात दहा आकडे मोजायचे. दहा होईपर्यंत तोंड बंद. करून बघा, सातपर्यंत जाणंसुद्धा किती कठीण आहे ते!

संक्रांत, आणि मी घरात बंद

९ तारखेला मिस्टरांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सौम्य लक्षणं, सात दिवस घरीच वेगळं राहायचं. ते बेडरूममध्ये, आणि मुलांसकट मीही घरात. संक्रांत पाच दिवसांवर. दुकानात फक्त आमची मदतनीस, दोन वर्षांपासून काम करणारी.

पहिल्या दिवशी तिचे सत्तावीस फोन आले. "ताई, वाटीचा डझनाचा भाव काय?" "ताई, पिशवी सुटी द्यायची का?" "ताई, हे पन्नास रुपये कमी करा म्हणतायत." मधेच धाकट्याचा क्लास तुटायचा. दुपारपर्यंत मी तिच्यावर वैतागले. "दोन वर्षं झाली, अजून भाव पाठ नाहीत?"

ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही कधी सांगितलेच नाहीत. गिऱ्हाईक विचारायचं माझ्याकडे, आणि उत्तर तुम्हीच द्यायचात."

मी फोन ठेवला. समोर धाकटा बसला होता. आजारी धंदा आणि न वाचणारं पोर, दोघांचं कारण एकच निघालं. बीबीएला डेलिगेशनच्या प्रश्नाला मला चांगले मार्क होते बरं का!

रेटची वही

त्या संध्याकाळी मी धाकट्याचा अभ्यास बदलला. मी वस्तूचं नाव आणि भाव सांगायचे, तो वहीत लिहायचा आणि परत वाचून दाखवायचा. स्टील, प्लास्टिक, अगरबत्ती: जोडाक्षरांची कमी नव्हती. मोठी डझनाच्या भावावरून एका नगाचा भाव काढायची. तीन संध्याकाळी साठ वस्तूंची वही तयार झाली. रोज पानांचे फोटो काढून मदतनीस मुलीला पाठवले.

गंमत म्हणजे धाकट्याने करंड्याचा डझनाचा भाव १८० ऐवजी १०८ लिहिला आणि मी तपासला नाही. दोन डझन गेले, १४४ रुपये कमी आले. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन: "ताई, हा भाव चुकलाय का? आपली खरेदी कितीला आहे?" दोन वर्षांत तिने पहिल्यांदा खरेदीचा भाव विचारला, आणि मी पहिल्यांदा सांगितला. मग ठरवलं, दहा टक्क्यांपर्यंत सूट तिने मला न विचारता द्यायची. संक्रांतीच्या दिवशी तिचे चारच फोन आले. त्यातला एक तिळगूळ घ्या म्हणायला होता.

सगळं गोड गोड झालं, असं नाही. बऱ्याच बायकांनी हळदी-कुंकू केलंच नाही. वाणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा माल पडून राहिला. स्टील खराब होत नाही म्हणून पुढच्या वर्षी निघाला, पण तोपर्यंत पैसे अडकले.

महिनाअखेरपर्यंत थांबावं लागलं नाही. २४ जानेवारीला शाळा उघडल्या. संमतीपत्रावर सही करताना धाकटा शेजारी उभा राहून, बोट ठेवून, एकेक शब्द वाचत होता. हळू वाचत होता, दोन ठिकाणी अडला. मी मोजत राहिले. नीट वाचायला लागायला त्याला पुढची दिवाळी उजाडली. पण तो आता माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, कागदाकडे बघत होता.

तुमच्यासाठी या आठवड्याचा होमवर्क

दुकान नवीन असो की अजून सुरू व्हायचं असो, एवढं करा. एक दिवस कागद घेऊन बसा आणि माणसाने तुम्हाला विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहा. जो प्रश्न तीनदा आला, त्याचं उत्तर वहीत गेलं पाहिजे. ती वही त्याच माणसाकडून लिहून घ्या, म्हणजे त्याच्या डोक्यात बसेल. भाव मात्र तुम्ही तपासा. आणि किती रुपयांपर्यंतची चूक तुम्हाला परवडते, ते आधीच ठरवा. माझी १४४ रुपयांची चूक मला सगळ्या ट्रेनिंगपेक्षा स्वस्त पडली.

पुढच्या वेळी तुमचा माणूस गिऱ्हाइकासमोर अडला की लगेच बोलू नका. दहा आकडे मोजा. तुम्ही कितीपर्यंत पोचलात, ते मला कमेंटमध्ये नक्की सांगा!