गडाची चढण आणि उतरण

वसंतातल्या संध्याकाळी, वाऱ्याच्या झुळुकीत बसलेल्या श्रोत्यांपुढे उभ्या कड्यांचा विषय काढणे काहीसे विसंगत वाटेल. परंतु रविवारी पहाटे पुण्याहून वेल्ह्याकडे निघालेली पाठपिशवीवाली मंडळी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा विषय आता घराघरातला झाला आहे हे सांगावे लागणार नाही. तोरण्याची सोंड चढून गडावर जाणे म्हणजे नेमके काय, आणि त्यात माणूस चुकतो कोठे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत.

प्रथम डोंगराची घडण पाहू. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांतून आपला दख्खनचा काळा कातळ तयार झाला. हे थर सारखे कठीण नाहीत. घट्ट थर ऊनपावसाला दाद देत नाही. त्याचा कडा उभा राहतो. बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर आणि दोन थरांमधली तांबडी माती मात्र लवकर झिजते; तेथे उतार पडतो. म्हणून आपली चढण जिन्यासारखी असते: गवताळ उतार, मग कातळाची भिंत, पुन्हा उतार. दोन्ही अंगांचे ओढे डोंगर कोरीत आत शिरले की मधे जो चिंचोळा भाग उरतो, तीच सोंड.

तोरण्याची उंची 1,403 मीटर, म्हणजे सुमारे 4,600 फूट आहे. वेल्ह्याहून निघालेली वाट अशाच एका सोंडेवरून बिनी दरवाजाकडे आणि पुढे कोठी दरवाजाकडे जाते. गड बांधणाऱ्यांनाही ही वाट सोयीची होती, कारण चिंचोळ्या धारेवर शत्रूला फळी धरून येता येत नाही. एकामागे एक असेच यावे लागते. अवघड टप्प्यांवर आता लोखंडी कठडे बसवलेले आहेत.

कातळ चढण्याचा मुख्य नियम सोपा आहे. दोन हात आणि दोन पाय या चार आधारांपैकी एका वेळी एकच हलवावा; तीन पक्के असावेत. खोबणीत हात घालण्यापूर्वी दगड हलवून पाहावा. भार हातांवर न टाकता पायांवर ठेवावा. भीतीने माणूस खडकाला चिकटतो. पण अंग फार आत कलले की पाय बाहेर निसटू लागतात. अंग ताठ ठेवले की भार तळव्यांवर सरळ पडतो व पकड राहते.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. तरीही 2011 सालच्या मार्चमध्ये आमच्यापैकी एकाने वेळ वाचवण्यासाठी मळलेली वाट सोडली आणि दोन पुरुष उंचीची एक भिंत सरसर चढून गेला. वर सुटा मुरूम आणि वाळलेले गवत. पुढे जाण्याची सोय नाही. खाली पाहिले तर ज्या खोबणींवरून तो चढला होता, त्या दिसेनात. पायांना कंप सुटला. आम्ही खालून ओरडून सूचना देत होतो आणि त्याने तो अधिकच गोंधळत होता. तेवढ्यात जवळच गुरे राखणारे एक म्हातारे बाबा आले. त्यांनी आम्हाला हाताने गप्प केले व म्हणाले, “पाव्हणं, तोंड कातळाकडं करा. घाई न्हाई. डावा पाय जरा खाली सोडा, म्या सांगतो कुठं टेकायचा ते.” एकेक पाऊल सांगत त्यांनी त्याला खाली आणले. या कामाला पाऊण तास लागला. त्या दिवशी आम्ही तेथूनच परतलो.

चढताना खोबण आधी डोळ्यांना दिसते, मग हात आणि शेवटी पाय तेथे पोचतो. उतरताना क्रम उलटा होतो: पाय आधी जातो आणि डोळा सर्वांत लांब राहतो. शिवाय उतरण्याची पाळी येते ती थकल्यावर, पाणी संपत आल्यावर. म्हणून जी भिंत आपल्याला उतरता येणार नाही, ती चढूच नये. आणि परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवून ती पाळावी. शिखर थोडक्यात हुकले तरी गड जागेवरच राहतो, पुढल्या रविवारी पुन्हा जाता येते.

कोठी दरवाजातून आत शिरल्यावर समोर राजगडाचा बालेकिल्ला दिसतो आणि सगळा शीण जातो. त्या आनंदातही एवढे स्मरणात असावे, की आपली अर्धी वाट अजून चालायची आहे.